पिशवी साफ हाय म्हणून सांगितल्यात की

मी बेळगावात पॅथॉलॉजिस्ट आहे, दिवसभर मायक्रोस्कोपला डोळा, पेशंटचं तोंड सहसा दिसतच नाही. त्या दिवशी मात्र खानापूरकडच्या सासू-सुना रिपोर्ट घ्यायला आल्या त्या थेट आत येऊन बसल्या, हातात हीऽऽ जाड फाईल. नवरा उद्यमबागेत फाउंड्रीत, त्याला सुट्टी नाही. सुनेला तीनदा दिवस गेलेले आणि तिन्ही वेळा आठव्या-नवव्या आठवड्यात बाळाचे ठोके बंद. फाईलीत टॉर्चची (रुबेलासारख्या काही जंतुसंसर्गांची) टेस्ट परत परत केलेली, अशा केसमध्ये तिचा काही उपयोग नसतो पण लिहून देतात, काय बोलायचं. कामाच्या टेस्टा म्हणजे अँटिफॉस्फोलिपिड अँटिबॉडी (रक्ताच्या गुठळ्या करून गर्भ पाडू शकणारी) 12 आठवड्यांच्या अंतराने दोनदा, थायरॉईड, शुगर, सगळं नॉर्मल. गर्भपिशवीच्या अस्तराची बायोप्सी पण आधी दुसरीकडे नॉर्मल आलेली, तोच ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, त्यांच्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाठवला होता.

"मॅडम, पिशवी साफ हाय म्हणून सांगितल्यात की, मग ऱ्हात का न्हाई?" सासूबाई. आणि लगेच, हिनं पपई खाल्ली, हिनं घागर उचलली... सून खाली मान घालून.

आधीच्या रिपोर्टला मी नावं ठेवणार नाही. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात प्लाझ्मा पेशी (अँटिबॉडी बनवणाऱ्या, अस्तरात त्या दिसणं ही जुन्या सुजेची खूण) इतर पेशींत लपतात, चाकाच्या आऱ्यांसारखं केंद्रक दरवेळी नीट दिसतंच असं नाही. म्हणून सीडी138 चा, म्हणजे या पेशींवरचं एक प्रथिन रंगवणारा स्टेन लावला, त्यात त्या तपकिरी उठून दिसतात. यात पण गोम आहे, ग्रंथींच्या पेशीसुद्धा तो रंग घेतात, त्यामुळे मोजायच्या त्या फक्त ग्रंथींच्या मधल्या आधार-ऊतीतल्या, म्हणजे स्ट्रोमातल्या. तिथे त्या स्पष्ट दिसल्या, गटागटाने. क्रॉनिक एंडोमेट्रायटिस, म्हणजे अस्तराची जुनी सूज. आपल्याकडे अशा वेळी टीबी बघावाच लागतो, पण ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणाऱ्या पेशींच्या गाठी) नव्हते आणि टीबीच्या जंतूंची सीबीनॅट टेस्ट निगेटिव्ह होती.

तेवढ्यात सून पहिल्यांदा बोलली, "ताप नाही, दुखत नाही, मग सूज कशी मॅडम?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी म्हटलं, ही सूज गप्प बसून असते. अस्तरात जंतू टिकून राहिले की तिथल्या पेशी केमोकाइन नावाचे निरोप सोडतात, रक्तातल्या बी पेशी तिकडे ओढल्या जातात, त्यांच्याच पुढे प्लाझ्मा पेशी होतात. एरवी तिथे एनके, म्हणजे नॅचरल किलर पेशी असतात, नाव किलर असलं तरी त्या रक्तवाहिन्या रुंद करून गर्भाला जागा करून द्यायला मदत करतात. निरोपांचा हा ताळमेळ बिघडला की अस्तर गर्भासाठी नीट तयार होत नाही, असं आज मानतात. पपई, घागर यांचा यात काही संबंध नाही मावशी, हे मी जरा मोठ्यानंच म्हटलं.

डॉक्टरांनी डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं, 100 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, 14 दिवस, आणि तोवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत अशी ताकीद. नंतरच्या बायोप्सीत स्ट्रोमा स्वच्छ निघाला.

रिपोर्ट न्यायला परत दोघी. "आता ऱ्हाईल न्हवं?" मी म्हटलं सूज गेली एवढं मी सांगू शकते, पण सुरुवातीला पडणाऱ्या गर्भांपैकी निम्मे-अर्धे गुणसूत्रांच्या गडबडीनं पडतात, त्याला ही गोळी चालत नाही, आणि सूज गेली म्हणजे मूल राहतंच याचा पक्का पुरावा अजून व्हायचाय.

"मग सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन येऊ काय नको?"

"जावा की. फॉलिक अ‍ॅसिड तेवढं बंद करू नका."