पाच वर्षांसाठी म्हणून दिलेलं कलम

मी संध्याकाळी तुर्भ्याला दाणा मार्केटमधल्या एका गाळ्याचे हिशोब लिहितो, आणि भाचा माझा ओहायोला असतो, तर रविवारी त्याच्याशी व्हिडिओ कॉल झाला की गप्पा गव्हावरून सुरू होऊन कुठेही जातात. या वेळी राज्यघटनेवर गेल्या.

तो म्हणाला, मामा, तुला आमच्या इथल्या फिलबर्नची केस माहितीये का? रॉस्को फिलबर्न म्हणजे ओहायोचा साधा शेतकरी. १९३८ च्या कायद्याने गव्हाला कोटा ठरला, ह्याच्या वाट्याला आले ११.१ एकर आणि ह्याने पेरले २३. जास्तीचा गहू निघाला २३९ बुशेल, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण ६५ क्विंटल (हे मी बोलता बोलता कॅल्क्युलेटरवर काढलं, सवय). दंड ११७ डॉलर ११ सेंट. त्याचं म्हणणं एवढंच की अहो हा गहू माझ्या कोंबड्या-गुरांना आणि घरच्या पिठाला, मी बाजारात नेलेलाच नाही, दुसऱ्या राज्यात तर नाहीच नाही.

आता मुद्दा असा की अमेरिकेच्या १७८७ च्या घटनेत केंद्राला मोजून अधिकार दिलेत, त्यातला एक म्हणजे राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन, आणि जे दिलं नाही ते राज्यांचं किंवा लोकांचं, असं १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत सरळ लिहिलंय. तरी १९४२ ला सुप्रीम कोर्टाने एकमताने फिलबर्नच्या विरोधात निकाल दिला. का, तर घरचा गहू खाल्ला म्हणजे बाजारातला विकत घेतला नाही, असं सगळ्यांनीच केलं तर देशभरचा भाव हलतो, म्हणून हाही त्या व्यापाराचाच भाग. या न्यायाने मी नेरूळला बाल्कनीत कुंडीत मेथी लावली तर दिल्लीने नोटीस पाठवायला हरकत नाही.

तिकडे जे 'मूळ अर्थ'वाले आहेत ते म्हणतात, शब्दाचा अर्थ घटना लिहिली तेव्हा लोक जो घेत होते तोच घ्या. तिथल्या सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती थॉमस यांनी १९९५ च्या लोपेझ केसमध्ये (शाळेत बंदूक नेण्यावर केंद्राने घातलेल्या बंदीची) लिहिलं की तेव्हा कॉमर्स, म्हणजे घटनेतला व्यापारासाठीचा शब्द, याचा अर्थ खरेदी, विक्री, अदलाबदल आणि त्यासाठीची वाहतूक, शेती त्यात नव्हती. ऐकायला एकदम पटतं. पण मजा बघा, २००५ ला कॅलिफोर्नियात घरी औषधासाठी गांजा लावणाऱ्या बाईची केस आली (राज्याची परवानगी, केंद्राची बंदी) तेव्हा थॉमस राज्याच्या बाजूने आणि मूळ अर्थाचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते समजले जाणारे न्यायमूर्ती स्कालिया केंद्राच्या बाजूने. म्हणजे मूळ अर्थ धरूनही उत्तर एकच येईल याची काही गॅरंटी नाही, असं मी म्हटलं तर भाचा थोडा चिडला.

मग त्याने मलाच विचारलं, तुमच्याकडे काय?

आपल्याकडे मूळ अर्थ काढला तर केंद्रच जड निघतं. उरलेले अधिकार, म्हणजे जे कुणालाच नाव घेऊन दिले नाहीत ते, अमेरिकेत राज्यांना, आपल्याकडे २४८ कलमाने संसदेला. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात हे लपवलंही नाही, वेळ पडली तर ही घटना एककेंद्री होऊ शकते असं ते सरळ बोलले. पण एक गंमत मला २०२० मध्ये कळली. जूनमध्ये शेतमाल विक्रीचा अध्यादेश आला, मार्केट यार्डाबाहेरच्या व्यवहारावर राज्याने सेस घ्यायचा नाही, आणि गाळ्यावर दिवसभर एकच चर्चा की शेती राज्याची, बाजार राज्याचे, मग हे दिल्लीने केलं कसं? तर उत्तर होतं समवर्ती सूचीतली (ज्या विषयांवर केंद्र आणि राज्य दोघंही कायदे करू शकतात ती यादी) ३३ नंबरची नोंद, अन्नधान्याचा व्यापार.

आणि ही नोंद १९५० ला अशी नव्हतीच! तेव्हा तिच्यात फक्त संसदेने कायद्याने केंद्राच्या नियंत्रणाखाली आणलेल्या उद्योगांचा माल होता. अन्नधान्य, कापूस, गुरांचा चारा वगैरे वेगळ्या ३६९ कलमात होतं आणि तेही फक्त पाच वर्षांसाठी, कारण टंचाई, रेशनिंग, सगळी ओढाताण. पाच वर्षं जानेवारी १९५५ ला संपली आणि पुढच्याच महिन्यात तिसरी घटनादुरुस्ती लागू होऊन ते ३३ मध्ये कायमचं जाऊन बसलं. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवर आले आणि ओनर होऊन बसले.

हे अगदी रीतसर झालं, दुरुस्ती करून झालं, फिलबर्नसारखं एका शब्दाला ताणून नाही, हा फरक मी भाच्याला दोनदा सांगितला. त्या अध्यादेशाचा पुढे झालेला कायदा आणि सोबतचे दोन, असे तिन्ही शेती कायदे २०२१ ला मागे घेतले गेले, त्यामुळे ३३ नंबर अन्नधान्यासाठी कुठवर ताणता येतो याचा निकाल कोर्टाकडून लागलाच नाही. भाचा म्हणाला, मग पुढच्या वेळी लागेल. लागेल बहुतेक. ३६९ कलम मात्र आजही पुस्तकात छापलेलं आहे, 'पाच वर्षांच्या कालावधीत' या शब्दांसकट.