तुम्ही विचारलंत म्हणून : युद्ध ही काय खेळायची गोष्ट आहे का?

हा प्रश्न मला शेजाऱ्यांनी विचारला आहे, कार्यालयातल्या सहकाऱ्यांनी विचारला आहे, आणि एकदा घरी सत्यनारायणाच्या प्रसादाला आलेल्या मावशींनीही विचारला आहे. त्याला कारणही तसेच आहे. नागपुरात लक्ष्मीनगरातल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत ६ फूट लांब आणि ४ फूट रुंद असे एक टेबल आहे. त्यावर टेकड्या, ओढे, वस्त्या आणि उसाचे फड मांडलेले असतात आणि त्यांच्यामधून अंगठ्याच्या पेराएवढे रणगाडे पुढे सरकत असतात. महिन्यातून एका रविवारी आम्ही चार-पाच जण तिथे जमतो आणि सकाळपासून दिवे लागणीपर्यंत रणगाड्यांची लढाई खेळतो. प्रश्न योग्य आहे, म्हणून तो टाळावा असे मला कधी वाटले नाही. मात्र त्याचे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर लिहितो.

आधी खेळ कसा आहे ते सांगायला हवे. आमचे रणगाडे १:२८५ या प्रमाणातले आहेत. तोफेची नळी सोडली तर खरा टी-७२, म्हणजे रशियन बनावटीचा रणगाडा, सुमारे ७ मीटर लांब असतो. आमच्या टेबलावर तो जेमतेम अडीच सेंटिमीटर भरतो. जमिनीला मात्र हेच प्रमाण लावून चालत नाही, कारण आजच्या रणगाड्याची तोफ २ किलोमीटरवरच्या लक्ष्याचा वेध घेते आणि या प्रमाणाने ते अंतर ७ मीटर, म्हणजे खोलीची भिंत ओलांडून जिन्यापर्यंत जाते. म्हणून जमिनीसाठी १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर असा वेगळा हिशेब आम्ही ठरवला आहे आणि प्रत्येक फेरी म्हणजे लढाईतले १ मिनिट असे धरले आहे. मोकळ्या रानात टी-७२ एका फेरीत २० सेंटिमीटर जातो. गोळा लागला की नाही हे फासे ठरवतात, पण त्या आधी अंतर किती, मारणारा चालत होता की थांबलेला, समोरचा झाडीत होता की उघड्यावर, हे सगळे मोजून फाशांचा आकडा वर-खाली करावा लागतो. आणि गोळा लागल्यावरही तो समोरच्या जाड चिलखतावर लागला, बाजूला लागला की पाठीवर, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

रणगाडे आम्ही स्वतः रंगवतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की ॲक्रिलिक रंग ब्रशवरच वाळतो; म्हणून मी स्टीलच्या चपट्या डब्यात ओला स्पंज ठेवून त्यावर बटर पेपर पसरतो आणि त्यावर रंग काढतो. रेझिनच्या तोफेची बारीक नळी उन्हाळ्यात वाकते. ती गरम पाण्यात बुडवून बोटांनी सरळ करायची आणि लगेच माठाच्या पाण्यात धरायची. उठावाच्या कडा उजळण्याची रीत मला चितार ओळीत मूर्ती रंगवणाऱ्या एका वयस्क कारागिरांनी दाखवली. ब्रश रंगात बुडवून तो जुन्या वर्तमानपत्रावर इतका पुसायचा की त्यात आता काही उरलेच नाही असे वाटावे, आणि मग तो रणगाड्यावरून अगदी हलक्या हाताने फिरवायचा. झाकणांच्या, पट्ट्यांच्या, अवजारपेट्यांच्या कडा आपोआप उमटतात. त्यांनी माझा रणगाडा तळहातावर घेऊन उजेडात बराच वेळ फिरवून पाहिला आणि हे कशासाठी, असे विचारले नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या गावात लहान वस्तू मन लावून करणे कोणालाच नवल वाटण्यासारखे नाही. आमचे उसाचे फड काथ्याच्या पायपुसण्यांचे आहेत. कात्रीने कातरून, हिरवा हात देऊन ते टेबलावर ठेवले की तीन फुटांवरून पाहणाऱ्याला ऊसच वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. मी हा खेळ खेळतो, कारण युद्धाविषयी आपण फार सहज बोलतो आणि त्या टेबलापाशी तसे सहज बोलता येत नाही. बातम्या पाहताना ‘सरळ आत घुसायला हवे होते’ असे वाक्य तोंडातून किती पटकन निघते! मीसुद्धा असे बोलत आलो होतो. टेबलावर मात्र ‘घुसायचे’ म्हटले की ते सेंटिमीटरमध्ये सांगावे लागते, कोणत्या ओढ्यातून आणि कोणाच्या तोफेसमोरून हे सांगावे लागते, आणि नंतर माघार घेण्याची वेळ आली तर कशी, हेही आधीच ठरवावे लागते.

माघारीचा धडा मला टी-७२नेच दिला. या रणगाड्याला रिव्हर्स गिअर एकच असतो आणि तो मागे चालतो ताशी सुमारे ४ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे माणूस रमतगमत चालतो तितपत. जर्मनीचा लेपर्ड-२ मागे येताना ताशी ३० किलोमीटर गाठतो. आमच्या नियमांत टी-७२ एका फेरीत ३ सेंटिमीटर मागे येतो, बस. हा आकडा मी स्वतः वहीत लिहिला होता, तरीही एका डावात माझा तीन रणगाड्यांचा ट्रूप मी एका टेकाडाच्या माथ्यावर चढवला. तिथे दुसरी अडचण उभी राहिली. टी-७२च्या तोफेचे तोंड खाली साधारण ६ अंशच झुकते, अमेरिकेच्या एब्रम्सचे १० अंश झुकते. त्यामुळे धड टेकाडाआड लपवून केवळ टरेट, म्हणजे तोफेचा फिरता मनोरा, वर काढावे आणि उतारावरच्या शत्रूवर मारा करावा, हे टी-७२ला साधत नाही, त्याला आणखी पुढे, उघड्यावर यावे लागते. मी आलो. समोरच्या झाडीतून पहिला गोळा आला, एक रणगाडा गेला, आणि उरलेल्या दोघांना आडोशाला न्यायचे तर १५ सेंटिमीटर मागे यायचे होते, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या पाच फेऱ्या. तेवढा वेळ नव्हता. मी दोन्ही रणगाडे वळवून त्यांची पाठ शत्रूकडे केली आणि पाठीवरचे चिलखत सर्वांत पातळ असते. फासे माझ्याविरुद्ध पडले असे मला म्हणता येणार नाही. टेकाडावर चढण्याचा निर्णय घेतला तेव्हाच तो डाव संपला होता.

असल उत्तर या गावाजवळची लढाई आम्ही चार वेळा खेळलो आहोत. ही लढाई जुनी, १९६५ची असली तरी रणगाड्यांबद्दल ती आजही पुष्कळ शिकवते. ८ ते १० सप्टेंबर या तीन दिवसांत पंजाबात खेमकरणजवळ पाकिस्तानच्या पहिल्या चिलखती डिव्हिजनचे पॅटन रणगाडे पुढे आले. आपल्या चौथ्या माउंटन डिव्हिजनने मागे सरून घोड्याच्या नालासारखी फळी धरली होती, उंच उसात सेंच्युरियन आणि शर्मन रणगाडे दडवले होते आणि शेतांत पाणी सोडून जमीन भुसभुशीत केली होती. पॅटनमध्ये अंतर मोजण्याचे प्रकाशीय यंत्र होते आणि मोकळ्या मैदानात ते मोठे बलस्थान ठरले असते. पण पुरुषभर उंचीच्या उसात मोजायला अंतरच उरत नाही. भारतीय नोंदींनुसार पाकिस्तानचे ९७ रणगाडे तिथे नष्ट झाले किंवा हाती लागले. जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस, म्हणजे मागे धक्का न देणाऱ्या, तोफेने पॅटन टिपणारे ४ ग्रेनेडियर्सचे अब्दुल हमीद याच लढाईत हुतात्मा झाले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

या खेळात समोरची बाजूही कोणाला तरी घ्यावीच लागते आणि दुसऱ्या वेळी पॅटन माझ्याकडे आले. हे सांगितले की काही जणांना खटकते. परंतु चौथ्या डिव्हिजनने काय साधले हे मला त्या दिवशी खऱ्या अर्थाने कळले, कारण निकाल पाठ असूनही मी तसाच अडकलो. आमच्याकडे एक जण पंच असतो. दोन्ही बाजूंना काय दिसते आणि काय दिसत नाही हे तोच ठरवतो, आणि जे दिसत नाही ते टेबलावर ठेवतच नाही. ही पद्धत जुनी आहे. १८२४च्या सुमारास प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ यांनी नकाशावरच्या युद्धखेळाचे जे नियम रूढ केले, त्यांतही पंच आणि फासे होतेच. त्या दिवशी पंचांनी पाणी सोडलेली शेते बदलली होती. पाणी मांडले गेले ते माझा पहिला पॅटन त्यात उतरल्यावर, आणि मागचे चार तोवर अरुंद रस्त्यावर एकामागे एक उभे होते. उसातून पहिली तोफ बोलली ती माझ्या डाव्या हाताला, ३०० मीटरवरून, म्हणजे टेबलावर अवघ्या १५ सेंटिमीटरवरून.

१९९१च्या आखाती युद्धातली ७३ ईस्टिंगची लढाई आम्ही एकदाच खेळलो. २६ फेब्रुवारीला वाळूच्या वादळात अमेरिकी एब्रम्सना उष्णता टिपणाऱ्या दुर्बिणींतून इराकी टी-७२ दिसत होते आणि इराकींना बहुतेक काहीच दिसत नव्हते. इराकी बाजू घेतलेल्या मित्राला दोन तास केवळ गोळे खाणे एवढेच काम उरले, आणि पुन्हा ती लढाई मांडावी असे आमच्यापैकी कोणीही म्हटले नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी आमच्या गल्लीत राहायला आलेले एक निवृत्त सुभेदार खेळ पाहायला आले. मूळचे भंडाऱ्याचे, कामठीच्या गार्ड्स रेजिमेंटल सेंटरमध्ये तयार झालेले, आणि पुढे बरीच वर्षे बीएमपीवर, म्हणजे पायदळाला वाहून नेणाऱ्या चिलखती गाडीवर, काढलेली. ते टेबलाभोवती एकदा फिरले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला : ‘‘परतीचा रस्ता कुठून ठेवला, सर?’’ मग त्यांनी माझ्या हातातली बीएमपी पाहिली आणि शांतपणे म्हणाले, ‘‘यात दहा माणसं बसतात. तुम्ही तं बोटानं ढकलून राहिले.’’

त्या वाक्यात रागाचा मागमूस नव्हता. मला मात्र तो संबंध दिवस दुसरे काही सुचले नाही, कारण तुम्ही जो प्रश्न विचारता तो त्यांनी एका आकड्यात विचारला होता. तीन जणांचा चालकसंच आणि मागे सात जवान. टी-७२मध्ये तिघे, गोळा भरणारा चौथा नसतो, ते काम यंत्र करते, आणि त्या यंत्रातले २२ गोळे टरेटखाली, त्या तिघांच्या पायांशी, गोलाकार रचलेले असतात. आमच्या नियमांत हे सगळे होते, पण ते ‘स्फोटाची शक्यता’ या रकान्यात होते.

तेव्हापासून आम्ही दोन गोष्टी बदलल्या. नष्ट झालेला रणगाडा पूर्वी आम्ही टेबलावरून उचलून डब्यात ठेवत असू. आता तो होता तिथेच राहतो, त्यावर काळा कापूस ठेवतो, आणि बाकीच्यांना त्याला वळसा घालूनच जावे लागते. दुसरे असे की प्रत्येक गाडीतल्या माणसांसाठी वेगळा फासा टाकतो, माणशी एक, आणि कोण बाहेर पडले ते शंभर पानी वहीत लिहितो; जो बाहेर पडला नाही त्याच्यापुढे फुली. याने डावाला अर्धा-पाऊण तास अधिक लागतो. सुभेदारसाहेब जमेल तेव्हा येतात, खिडकीजवळच्या खुर्चीत बसतात आणि ती वही तेच लिहितात. मागच्या रविवारी माझ्या बाजूचे चार टी-७२ आणि दोन बीएमपी गेल्या. डाव मी जिंकला होता. त्यांनी वही माझ्यासमोर धरली. त्यात ३२ माणसांपुढे १९ फुल्या होत्या, आणि मी खाली सही केली.