मला कॉफी

मामाकडे दुपारची झोप झाली की साडेचारला मामी बाहेर येते आणि डोकी मोजते. चहा ना सगळ्यांना? हा प्रश्न नसतोच खरंतर, हजेरी असते. आणि बारावीपासून माझं उत्तर ठरलेलं, मला कॉफी. मग मामा म्हणतो आले आमचे वेगळे साहेब, आणि मला मनातून जाम भारी वाटतं.

म्हणजे आपण चारचौघांसारखे नाही याचं मला भलतंच कौतुक. ट्रिपला सगळ्यांनी एकसारखे टीशर्ट छापले तेव्हा मी एकटा चेक्सचा शर्ट घालून उभा, फोटोत आयोजक वाटतो. लग्नात आहेर नको, मिरवणूक नको, नाचणार तर नाहीच. तत्त्व वगैरे काही नाही हो, नुसती खुमखुमी.

मध्यंतरी र. धों. कर्व्यांबद्दल वाचत होतो. आता हा खरा एकांडा माणूस. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तेव्हा विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे, हे प्रकार बंद करा म्हटल्यावर त्यांनी नोकरी सोडली पण काम सोडलं नाही. १९२७ ला समाजस्वास्थ्य मासिक सुरू केलं ते १९५३ ला मरेपर्यंत चालवलं, मधे अश्लीलतेचे खटले झाले, एकदा तर त्यांच्या बाजूने बाबासाहेब आंबेडकर कोर्टात उभे राहिले. वडील म्हणजे महर्षी कर्वे, त्यांनी १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं म्हणून मुरूडच्या गावकऱ्यांनी वाळीत टाकलेलं. तेव्हा हे घराण्यातच होतं म्हणा.

पण मी अडकलो मालतीबाईंपाशी. रघुनाथरावांची बायको. मूल नको हे दोघांनी मिळून ठरवलेलं, आणि मासिकातून पैसे सुटायचे नाहीत तेव्हा घराला आधार त्यांच्या नोकरीचा. नवऱ्याला जगाशी भांडता यावं म्हणून महिन्याचं वाणसामान कुणीतरी भरतच होतं ना. नाव मात्र एकट्या माणसाचं होतं. कर्व्यांचं काम खोटं ठरत नाही याने, उलट ते आज जास्तच पटतं, पण एकट्याने लढला वगैरे वाचलं की मी आता जरा थांबतो आणि घरात अजून कोण होतं ते शोधतो.

त्यांच्या शेजारी आपली कॉफी ठेवणं म्हणजे अतीच, कळतंय मला. पण मनात आलं खरं. चहाला एक पातेलं, एक गाळणं, झालं काम. माझ्या कॉफीला दुसरं पातेलं, वेगळं दूध, साय काढायची कारण मला साय चालत नाही (हेही आहेच), आणि ते सगळं गॅसपाशी उभं राहून मामी करते. वेगळा मी आणि भांडी तिला. पंधरा वर्षं, दर मे महिन्यात!

म्हणून यावेळी हजेरी सुरू झाल्यावर मी म्हटलं, मामी, माझी कॉफी मी करतो. ती काही बोलली नाही, नुसती बाजूला सरकली. मामा हॉलमधून ओरडला, आता स्वावलंबी पण झाले का!

मी दूध चढवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. गॅलरीतून परत आलो तर दूध सगळं उतू जाऊन शेगडीखालून ओट्यावर आणि ओट्यावरून खाली. मी फडकं शोधायला लागलो, कुठे असतं ते मला माहीतच नव्हतं. मामी म्हणाली, राहू दे रे, जा तू बाहेर, आणते मी कॉफी.

गेलो.