साबणातून काय काढलं

माझ्या घरच्या साबणाची वडी वापरून गेलेलं माणूस हमखास विचारतं, "वहिनी, ह्यात घालता तरी काय? अंग उलत नाही." दूध, मध, कोरफड असं काहीतरी उत्तर त्यांना हवं असतं. तसलं मी काही घालत नाही. होतं त्यातलंच कमी केलं.

पहिला घाणा असा होता: ३५० ग्रॅम खोबरेल, १५० ग्रॅम करडीचं तेल, ८० ग्रॅम कॉस्टिक सोडा. वडी दगडासारखी टणक, बोअरच्या जड पाण्यातही फेस भरपूर. मग मार्गशीर्ष आला. परभणीची थंडी कोरडी. आंघोळ करून आलेल्या सासूबाईंनी मनगटावर नख ओढलं आणि उमटलेली पांढरी रेघ माझ्यापुढे धरली. "भांड्यांना बरा आहे तुझा साबण," एवढंच म्हणाल्या.

दोष खोबरेलाचा. त्याचा साबण मळाबरोबर अंगातलं तेलही ओढून नेतो. म्हणून दुसऱ्या घाण्यात खोबरेल २०० ग्रॅमवर आणलं, करडी ३०० केली आणि सोडा मात्र सवयीने ८०च टाकला. महिन्याने वडीला जिभेचं टोक लावून पाहिलं, तर चौकोनी बॅटरीला जीभ लावल्यासारखा झटका! त्या वड्या फरशीच्या फडक्यांसाठी गेल्या.

चूक साधी होती. प्रत्येक तेल सोडा सारखा पीत नाही. १ ग्रॅम खोबरेलाला सुमारे ०.१८३ ग्रॅम सोडा लागतो, करडीला आणि शेंगदाण्याच्या तेलाला ०.१३७, एरंडेलाला ०.१२८. माझ्या त्या तेलांना सगळा मिळून ७८ ग्रॅमही पुरला असता, वरचा मोकळाच राहिला. आता जेवढा लागतो त्याच्या साधारण ७ टक्के कमी घालते. तेवढं तेल साबण न होता वडीत तसंच राहतं, आणि अंगाला मऊपणा त्याचाच. मध घालून हे होत नाही, कितीही घाला.

तिसऱ्या घाण्याला सोडा ७२ घेतला. साबण मऊसूत झाला, मी खूश. चैत्रात कपाट उघडलं तर वड्यांवर नारिंगी ठिपके आणि जुन्या तळणाचा वास. करडीचं तेल लवकर खवट होतं, त्यात आपला उन्हाळा. आमच्याकडे करडी घाण्यावर सहज मिळते म्हणून मी मोह केला होता.

आता प्रमाण असं: खोबरेल २००, शेंगदाण्याचं २००, करडी ५०, एरंडेल ५०, सोडा ७२, पाणी १५० ग्रॅम. एरंडेल फेसासाठी, कारण खोबरेल घटलं की तो मरतो. पाणी बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड. सोडा पाण्यात सोडायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, उसळतं. हातमोजे, चष्मा, स्टीलचं भांडं. ॲल्युमिनियमचं चालत नाही. आणि वाटीने मोजू नका, १ ग्रॅम दाखवणारा काटा आणा.

ह्या वड्या पहिल्यासारख्या पटकन टणक होत नाहीत. साच्यातून काढायला मी दोन-तीन दिवस थांबते, मग सावलीत सहा आठवडे. सासूबाईंची अजून कुरकुर आहे की फेस पूर्वीसारखा नाही. पण नख ओढून दाखवायचं त्यांनी सोडलंय.

दिवाळीच्या आंघोळीला हवा असेल तर महालक्ष्म्या उठल्या की लगेच ओता. नवरात्रात विचारायला आलात तर माझ्याकडच्या चार वड्या घेऊन जा.