पाणी पुढे निघून गेलं होतं

अण्णांच्या पोटरीत गोळा आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. पितळखोऱ्याच्या लेण्यांकडून पाटणादेवीच्या देवळाकडे उतरत होतो. ओढ्यातल्या गोट्यांवर ते मटकन बसले आणि दोन्ही हातांनी पोटरी धरली. मी पाण्यासाठी हात पुढे केला. माझी बाटली रिकामी, सुनीताची रिकामी, सगळ्यांच्याच रिकाम्या. सामायिक पाणी पुढच्या चौघांच्या पाठीवर होतं आणि ते चौघे केव्हाच दिसेनासे झाले होते. मोबाइलला रेंज नाही. हाका मारल्या तर समोरच्या कड्यावरून आमचाच आवाज परत यायचा.

हे सगळं नियोजन माझं होतं, म्हणून ते आधी सांगते.

आम्ही जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी फिरणारी मंडळी. डिसेंबरातला एक शनिवार-रविवार चाळीसगावच्या डोंगरात काढायचा, असं ठरलं. ग्रुपवर अठरा अंगठे आले. शुक्रवारी रात्रीपर्यंत कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या मुलाची परीक्षा निघाली, कुणाचं नुसतंच ‘जमत नाहीये गं’. सकाळी स्टेशनवर आम्ही नऊ जण. मला याचा मनापासून राग येतो. येणार नसाल तर नसाल, पण बुधवारी सांगा. अठरा जणांच्या हिशेबाने मी चाळीसगावात दोन काळीपिवळ्या सांगून ठेवल्या होत्या. दुसऱ्या गाडीवाल्याने आमच्यासाठी लग्नाचं भाडं सोडलं होतं. त्याला अर्धे पैसे दिले ते माझ्या खिशातून, आणि ते न आलेल्यांकडून मागायला मला संकोच वाटला. पुढच्या वेळी आधी पैसे, मग नाव.

शनिवारी कन्हेरगड झाला, नागार्जुन कोठडी ही लेणी पाहिली, वर वारा छान होता. रात्री सुनीताच्या बहिणीच्या मळ्यात मुक्काम. तिथलं भरीत मात्र एका ओळीत उरकणार नाही. हिरवी, पांढुरक्या रेघांची वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजली, बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत, ठेचली, वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि घशाशी झोंबणारी मिरची. सोबत कळण्याची भाकरी. ताई वाढत राहिल्या आणि मी ‘पुरे’ म्हणायचं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी डोंगर चढायचा आहे हे माहीत असूनही.

अण्णा 61 वर्षांचे. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. ते आले ते डोंगरासाठी नव्हे, पाटणादेवीच्या पाटणे गावासाठी. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथे मठ काढला, तसा यादवकाळातला शिलालेख इथल्या देवळात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. अण्णा म्हणाले, “चाळीस वर्षं मुलांना शून्याने भागायला लावलं नाही, आणि शून्याने भागलं तर काय होतं याचा विचार करणाऱ्या माणसाचं नाव इथल्या दगडावर आहे.” देवळातून ते लवकर हललेच नाहीत. आम्हीही घाई केली नाही, आणि मला वाटतं, त्या दोन दिवसांत आम्ही केलेली ती एक चांगली गोष्ट.

रविवारी पितळखोरं. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. विहाराच्या पायथ्याला दगडी हत्तींची रांग आहे. इथे सापडलेली यक्षाची मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. तिच्या हातावर घडवणाऱ्याने आपलं नाव कोरलंय, कन्हदास, धंद्याने सोनार. जाताना वाटेवर वाळलेलं गवत कमरेएवढं होतं. कुसळं मोज्यांतून आत शिरतात, आणि ओढून काढावीत तर टोक आतच राहतं. लेण्यांच्या पायऱ्यांवर बसून आम्ही अर्धा तास एकमेकांचे मोजे साफ केले आणि तेवढ्या वेळात जवळचं पाणी संपवलं.

आता माझी चूक. सामायिक बारा लिटर पाणी आणि दोन्ही बॅटऱ्या मी तरण्या चार पोरांच्या सॅकमध्ये टाकल्या होत्या. जो दणकट त्याच्याकडे वजन, एवढाच विचार. हळू चालणाऱ्यांकडे लाडू आणि चिवडा. पण दणकट माणूस पुढे जातो. पाणी लागतं ते मागच्याला. वर्षानुवर्षं घरात सहली आखणाऱ्या मला हे सुचलं नाही, आणि ‘फाट्यावर थांबा’ असं मी त्यांना बजावलंही नव्हतं. त्यांना सांगायला हवं होतं का, हा वेगळा प्रश्न. मला वाटतं, नको होतं.

अण्णा तोंडाने काही बोलत नव्हते. ओठ पांढरे पडले होते. डबक्यातलं हिरवं पाणी पाजायचा धीर होईना. तेवढ्यात वरच्या वळणावरून एक बाई उतरली, डोक्यावर वाळक्या काटक्यांचा भारा. तिने अण्णांकडे पाहिलं, भारा खाली टाकला आणि कमरेची बाटली सोडली. कोल्ड्रिंकची जुनी प्लॅस्टिकची बाटली, भोवती ओला फडका शिवलेला. आत निम्मंच पाणी. अण्णा दोन घोट घेऊन थांबले, तर अहिराणीत म्हणाली, “पी ल्या बाबा, मनं गाव जोडेच से.” म्हणजे, माझं गाव जवळच आहे. सगळं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग त्यांचा पाय आपल्या मांडीवर घेऊन अंगठ्याने पोटरी दाबली, बोटं वर वळवून धरली. गोळा सुटला. मी पिशवीतले लाडू पुढे केले, तिने दोन घेतले, पदराच्या गाठीत बांधले. रिकामी बाटली कमरेला खोचली. भारा उचलायला मी हात लावला तेव्हा कळलं, तो माझ्याने एकटीने हललाही नसता.

अंधार पडता पडता आम्ही देवळाशी पोचलो. चौघे टपरीवर चहा पीत बसले होते. सॅक बाजूला, सहा-सात लिटर पाणी तसंच. “किती वेळ लावला तुम्ही!” एक जण म्हणाला. मी ओरडले. देवळाच्या आवारात, माणसांसमोर, आवाज चढवून ओरडले. त्याचं मला वाईट वाटत नाही. त्यातला सगळ्यात लहान पोरगा उठला, बाटली उघडून अण्णांच्या हातात दिली आणि त्यांच्या पायातले बूट काढायला खाली बसला. गाडीत जळगावपर्यंत कुणी फारसं बोललं नाही.

सोमवारी तलावावर तो पोरगा अण्णांच्या मागे मागे, त्यांच्या चालीने चालत होता. जानेवारीत तोरणमाळ करायचं घाटतंय. या वेळी कुणाच्या पाठीवर काय ते मी वहीत लिहिलंय, आणि सगळ्यांत पुढे अण्णा.

“तोरणमाळला वर पाणी मिळतं ना?” त्यांनी विचारलं.

“अख्खा तलाव आहे अण्णा. पण तुमची बाटली तुमच्याच खांद्याला.”