स्कूल डिस्ट्रिक्टकडे मागायचे काय आणि मागायचे कसे

अमेरिकेत घर घ्यायचे ठरले की मराठी मंडळींच्या गप्पांत ‘डिस्ट्रिक्ट कसा आहे?’ हा प्रश्न घराच्या किमतीच्याही आधी येतो. शाळांना मिळालेले दहापैकी गुण तोंडपाठ असतात आणि त्या एका आकड्यासाठी कर्जाचा हप्ता वाढवायचीही तयारी असते. पण एकदा मुलाचे नाव शाळेत दाखल झाले की त्याच डिस्ट्रिक्टची धोरणे काय आहेत, त्याने कुटुंबांसाठी कोणत्या सेवा ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या देणे त्याला कायद्याने बंधनकारक आहे, याकडे फारसे कोणी वळत नाही. ‘काही असेल तर शाळा सांगेलच’ या भरवशावर आपण राहतो. शाळा सांगते खरी, पण वर्षाच्या पहिल्या आठवड्यात, एका जाडजूड पुस्तिकेत आणि ‘वाचले व समजले’ या चौकटीवर आपली टिचकी घेऊन. माझे निरीक्षण असे, की डिस्ट्रिक्टकडून मिळणाऱ्या बऱ्याच गोष्टी पालकांनी मागितल्यावरच हलू लागतात, आणि त्याही तोंडी नव्हे, लेखी मागितल्यावर.

मुळात स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग नव्हे. स्वतःचे मंडळ, बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले, स्वतःचे अंदाजपत्रक आणि बऱ्याच राज्यांत घरपट्टीतून येणारे स्वतःचे उत्पन्न, अशी ती स्वतंत्र संस्था असते. देशभरात असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत. हवाईत मात्र अख्ख्या राज्याचा मिळून एकच आहे. शाळांच्या खर्चात केंद्र सरकारचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असतो आणि बाकीचा भार राज्य व स्थानिक कर जवळजवळ निम्मा-निम्मा उचलतात. त्यामुळे केंद्राचे कायदे सगळीकडे सारखे असले, तरी त्यांखालचे नियम राज्यागणिक आणि डिस्ट्रिक्टगणिक बदलतात. टेक्सासमधल्या मैत्रिणीने व्हॉट्सॲपवर दिलेला सल्ला न्यू जर्सीत उपयोगी पडेलच असे नाही.

प्रवेशाच्या वेळी डिस्ट्रिक्ट पत्त्याबाबत फार काटेकोर असतो. भाडेकरार, विजेचे बिल, घरपट्टीची पावती यांपैकी काही ना काही मागितले जाते. चांगल्या शाळेसाठी नातेवाइकाचा पत्ता देणे इथे हलके घेतले जात नाही; २०११ साली ओहायोमध्ये एका आईने वडिलांचा पत्ता देऊन मुलींना शेजारच्या डिस्ट्रिक्टमध्ये घातले म्हणून तिला काही दिवस तुरुंगात काढावे लागले होते. मात्र एखादे कुटुंब खरोखरच दुसऱ्याच्या घरी राहत असेल, तर घरमालकाच्या प्रतिज्ञापत्रावर प्रवेश देण्याची सोय बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये असते. त्याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट म्हणजे १९८७ चा बेघरांसाठीचा मॅकिनी-व्हेंटो कायदा. नोकरी गेल्यामुळे घर सोडून मित्रांच्या तळघरात संसार मांडावा लागलेल्या कुटुंबातली मुलेही या कायद्याच्या कक्षेत येतात. अशा मुलांना कागदपत्रे अपुरी असली तरी तत्काळ प्रवेश द्यावा लागतो, किंवा हितावह असेल तर आधीच्याच शाळेत ठेवून तिथवर ने-आणीची व्यवस्था करावी लागते. प्रत्येक डिस्ट्रिक्टमध्ये यासाठी एक संपर्क अधिकारी नेमलेला असतो. ‘बेघर’ हा शिक्का नको म्हणून आपली माणसे त्या दाराशी जात नाहीत, हे मी पाहिले आहे.

व्हिसाचा प्रश्न तर प्रवेशाच्या आड येऊच शकत नाही. १९८२ च्या प्लायलर विरुद्ध डो या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की स्थलांतराच्या कागदपत्रांवरून मुलाला सार्वजनिक शाळा नाकारता येणार नाही. सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा रकाना अर्जात दिसला, तरी तो भरणे ऐच्छिक असते.

लशींची नोंद हा भारतातून नव्याने आलेल्या कुटुंबांचा हमखास अडणारा विषय आहे. भारतात गोवरची पहिली लस नवव्या महिन्यात दिली जाते. अमेरिकेत मात्र पहिल्या वाढदिवसाआधी दिलेली मात्रा शाळेच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे लसीकरणाच्या पुस्तिकेत दोन मात्रांची नोंद असूनही परिचारिका ‘एक कमी आहे’ असे सांगते आणि पालक चक्रावतात. दुसरी अडचण बीसीजीची. ही लस घेतलेल्या मुलाची क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी रोग नसतानाही सकारात्मक येऊ शकते आणि मग छातीचा एक्स-रे वगैरे सोपस्कार मागे लागतात. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच सांगून तीच करून घ्यावी. आणि निघण्यापूर्वी भारतातल्या डॉक्टरांकडून सगळ्या तारखा दिवस-महिना-वर्ष शब्दांत लिहून घ्याव्यात, कारण ०५/०८ ही नोंद आपण ५ ऑगस्ट म्हणून वाचतो आणि इथे ती ८ मे होते.

प्रवेशाच्याच दिवशी हातात पडणारा आणखी एक कागद म्हणजे घरातल्या भाषेची प्रश्नावली. मुलाने पहिली शिकलेली भाषा कोणती, घरी जास्त कोणती बोलली जाते, असे दोन-चार प्रश्न त्यात असतात. मूल ‘ईएसएल’मध्ये, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या वर्गात, जाईल या भीतीने अनेक पालक सगळीकडे ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मला हे पटत नाही. ‘मराठी’ असे लिहिल्याने मूल आपोआप वेगळ्या वर्गात जात नाही, त्याची चाचणी होते आणि ती नीट पार पडली तर विषय तिथेच संपतो. चाचणीत कमी पडले तर मदत मिळते आणि ती मदत हा त्याचा हक्क आहे. १९७४ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या लाउ विरुद्ध निकोल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की भाषा न समजणाऱ्या मुलाला इतरांसारखीच पुस्तके आणि तेच शिक्षक देणे म्हणजे समान वागणूक नव्हे. मूल मदत घेत असतानाही ती नाकारण्याचा पालकांचा अधिकार शाबूत राहतो, मग सुरुवातीलाच खोटे लिहायचे कशाला?

हाच न्याय पालकांच्या भाषेलाही लागू आहे. ज्यांना इंग्रजी सहज समजत नाही अशा पालकांशी महत्त्वाच्या बाबतीत त्यांना कळेल अशा भाषेत बोलण्याची जबाबदारी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याखाली डिस्ट्रिक्टवर येते. दुभाषी फोनवर मिळू शकतो आणि त्याचे पैसे पालकांनी द्यायचे नसतात. नातवाला सांभाळणाऱ्या आजींना शाळेतून फोन आला, तर त्यांनी नुसते ‘मराठी’ म्हणावे. कित्येकदा भारतीय नाव पाहून हिंदीचा दुभाषी जोडला जातो. तो चालत नसेल तर तसे सांगावे. आठ-दहा वर्षांच्या मुलालाच त्याच्याविषयीच्या तक्रारीचे भाषांतर करायला बसवणे हा प्रकार तर कोणीच चालवून घेऊ नये.

सगळ्यात जास्त चालढकल मला विशेष शिक्षणाच्या, म्हणजे अपंगत्वामुळे शिकण्यात अडचण येणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या, बाबतीत दिसते, आणि तिथे कायदा सगळ्यात बारकाईने लिहिलेला आहे. १९७५ साली आलेल्या आणि १९९० पासून आयडिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानुसार, तीन ते एकवीस वर्षांच्या पात्र मुलांना त्यांच्या गरजेप्रमाणे मोफत शिक्षण देणे डिस्ट्रिक्टला भाग आहे. अशी मुले शोधून काढणे हेसुद्धा त्याचेच काम आहे, मग मूल खासगी शाळेत जात असले तरीही. तीन वर्षांखालील बाळांसाठी राज्याची वेगळी यंत्रणा असते.

एका परिचित कुटुंबाची हकिगत सांगते. मुलाला वाचताना अक्षरे लागत नव्हती. आईने शिक्षिकेला विचारले, तिने प्रेमाने ‘अजून थोडे थांबून पाहू’ असे सांगितले. पुढच्या पालकसभेत पुन्हा तेच. घरी मराठी बोलता ना, म्हणून गोंधळ होत असेल, असाही अंदाज कोणीतरी वर्तवला. दोन भाषा कानावर पडल्यामुळे वाचनाची अडचण जन्माला येत नाही, हे त्या आईला कोणी सांगितले नाही. शेवटी तिने मुख्याध्यापक आणि विशेष शिक्षण विभाग या दोघांना तारखेसह चार ओळींचा ईमेल केला: माझ्या मुलाचे विशेष शिक्षणासाठी, अडचणीची शंका असलेल्या सर्व क्षेत्रांत मूल्यमापन करावे, अशी मी लेखी विनंती करीत आहे. त्यानंतर संमतिपत्र यायला फार दिवस लागले नाहीत. ‘काळजी वाटते’ या वाक्याने शाळेची फाइल हलत नाही, पण ‘मूल्यमापन करावे’ या वाक्याला उत्तर द्यावेच लागते. नकार द्यायचा असेल तर तोही कारणांसह लेखीच द्यावा लागतो.

यातली मेख अशी, की मुदतीचे घड्याळ विनंतीच्या दिवशी सुरू होत नाही. केंद्राच्या कायद्यातले साठ दिवस पालकांनी संमतिपत्रावर सही केल्यापासून मोजतात, आणि राज्याची स्वतःची मुदत असेल तर ती लागू होते. टेक्सासमध्ये ती सर्वसाधारणपणे शाळेच्या कामकाजाचे पंचेचाळीस दिवस आहे. म्हणून संमतिपत्र हातात पडले की वाचून लगेच परत करावे. मूल्यमापन शक्य तितके मुलाच्या मातृभाषेतही व्हावे, अशी मागणी त्याच ईमेलमध्ये करता येते.

त्या कुटुंबाच्या विनंतीवरून मी बैठकीला गेले होते. पालकांना मुलाची माहिती असलेली व्यक्ती सोबत नेता येते. टेबलाच्या एका बाजूला मानसशास्त्रज्ञ, वाचातज्ज्ञ, दोन शिक्षिका आणि उपमुख्याध्यापक बसले होते, दुसऱ्या बाजूला आईवडील. अहवालातले आकडे भराभर वाचले गेले आणि शेवटी सहीसाठी कागद पुढे सरकला. वडिलांनी पेन उचललेही होते. मी एवढेच म्हटले, की हा आराखडा, म्हणजे मुलाला द्यायच्या मदतीची लेखी योजना (आयईपी), घरी नेऊन वाचता येईल का. ‘अर्थातच’ असे उत्तर आले आणि कोणाच्या चेहऱ्यावर आठीही उमटली नाही. घरी वाचल्यावर लक्षात आले, की वाचनाच्या मदतीचे आठवड्याचे तास त्यात लिहिलेलेच नव्हते. आयईपी वर्षातून एकदा तरी तपासावी लागते, तीन वर्षांनी पुनर्मूल्यमापन होते, आणि डिस्ट्रिक्टचा निष्कर्ष पटला नाही तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून मूल्यमापन मागण्याची तरतूद आहे. ज्यांना खास शिकवणीची नव्हे, फक्त सवलतींची गरज आहे, म्हणजे परीक्षेत जास्त वेळ किंवा मधुमेहासाठी वर्गात खाण्याची मुभा, त्यांच्यासाठी १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचे ५०४ वे कलम आहे.

हजेरीबद्दल आपल्या मंडळींना थोडे कठोरपणे सांगावेसे वाटते. तिकिटे स्वस्त मिळतात म्हणून डिसेंबरच्या सुट्टीला पुढे-मागे दोन-तीन आठवडे जोडून भारतात जाणे ही आपली पद्धत आहे. शाळेच्या दहा टक्के किंवा त्याहून जास्त दिवसांची गैरहजेरी, म्हणजे १८० दिवसांच्या वर्षात अठरा दिवस, ही दीर्घकालीन गैरहजेरी मानली जाते, आणि त्यात सर्दी-तापाचे दिवसही धरले जातात. टेक्सासमध्ये नव्वद टक्के हजेरी नसेल तर विषयाचे क्रेडिट अडू शकते. कॅलिफोर्नियात वैध कारणाविना तीन पूर्ण दिवस बुडाले की मूल ‘ट्रुअंट’, म्हणजे शाळा बुडवणारे, ठरते, पण तिथे अनेक डिस्ट्रिक्टमध्ये जाण्याआधी स्वतंत्र अभ्यासाचा करार करता येतो. काही ठिकाणी सलग गैरहजेरीनंतर नावच पटावरून निघते आणि परतल्यावर पुन्हा सगळी कागदपत्रे द्यावी लागतात. तिकीट काढण्याआधी हजेरीचे धोरण वाचायला दहा मिनिटे पुरतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर शाळेतले जेवण मोफत आणि १८५ टक्क्यांपर्यंत सवलतीत मिळते. काही राज्यांत, कॅलिफोर्निया आणि मेन यांनी प्रथम सुरू केल्याप्रमाणे, ते सगळ्यांनाच मोफत आहे. वर्षाच्या मध्यात नोकरी गेली तर तेव्हाही अर्ज करता येतो.

मुलाच्या सगळ्या नोंदी पाहण्याचा हक्क १९७४ च्या फर्पा कायद्याने दिला आहे आणि मागणीनंतर पंचेचाळीस दिवसांत त्या दाखवाव्या लागतात. मूल अठरा वर्षांचे झाले किंवा कॉलेजात गेले की हा हक्क त्याच्याकडे जातो, आणि फी भरणाऱ्या मराठी आईवडिलांना तो धक्का पचवायला वेळ लागतो!

राहता राहिले ते धोरणे ठरवणारे मंडळ. एच-वन-बीवर आलेले आणि ग्रीन कार्डच्या रांगेत असलेले कुटुंब घरपट्टी भरते, किंवा भाड्यातून ती अप्रत्यक्षपणे देते, पण मंडळाच्या निवडणुकीत त्याला सहसा मत नसते. सॅन फ्रान्सिस्कोने नागरिक नसलेल्या पालकांना हा मताधिकार दिला आहे, तो अपवाद. मात्र मंडळाच्या बैठका खुल्या असतात, विषयपत्रिका आधी प्रसिद्ध होते आणि बहुतेक मंडळे नागरिकांच्या मनोगतासाठी प्रत्येकी दोन-तीन मिनिटे देतात. कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणारे एकवीस किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेला त्यांच्या पालकांची सल्लागार समिती नेमावी लागते, आणि तिच्यावर बसायला मताधिकार लागत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या सरकारी शाळांना दिवाळीची सुट्टी देणारा राज्याचा कायदा २०२३ साली झाला, तो वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यानंतर. आपल्या डिस्ट्रिक्टचे पुढच्या वर्षाचे वेळापत्रक मंजूर होण्यापूर्वी मसुदा म्हणून मंडळापुढे येते. त्या बैठकीत बोलायचे असेल तर अनेक ठिकाणी आधी नाव नोंदवावे लागते. नोंदणीच्या कागदावर नाव आणि गाव विचारतात, नागरिकत्व विचारत नाहीत.