घर कधी सोडायचं हे ऊन असतानाच ठरवा

टोकियोतलं निशिकासाई म्हणजे इथलं मिनी इंडिया. आयटीवाली कुटुंबं, तूरडाळ मिळणारी दुकानं, सगळं आहे. पण आमचा हा एदोगावा वॉर्ड एका बाजूला आराकावा नदी, दुसऱ्या बाजूला एदोगावा नदी आणि दक्षिणेला समुद्र असा मध्ये अडकलाय, आणि त्यातली साधारण ७० टक्के जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. पूर्वी कारखान्यांनी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं की जमीनच खचली. २०२० पासून इथे घर भाड्याने देताना एजंटला पुराचा नकाशा समोर ठेवून तुमचं घर त्यात कुठे येतं हे दाखवावंच लागतं, कायदाच आहे तसा. आपल्याकडे ब्लू लाईनमध्ये, म्हणजे नदीच्या पूररेषेच्या आत, फ्लॅट विकताना गार्डन व्ह्यू दाखवतात!

२०१९ च्या मे महिन्यात वॉर्डाने घरोघरी एक पुस्तिका वाटली. मुखपृष्ठावर आमच्या भागाचा नकाशा आणि त्यावर सरळ लिहिलेलं, इथे थांबू नका. म्हणजे मोठा पूर येणार असेल तर वॉर्ड सोडून बाहेर जा, कारण पाणी एक-दोन आठवडे उतरणार नाही, वरच्या मजल्यावर जीव वाचेल पण लाईट नाही, पाणी नाही, संडास नाही. स्वतःच्याच नागरिकांना निघून जा म्हणणारं सरकारी ऑफिस मी पहिल्यांदा बघितलं.

आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात हागिबिस वादळ आलं. १२ तारखेला टोकियोजवळच्या डोंगरातल्या हाकोनेला दिवसभरात ९२२.५ मिलिमीटर पाऊस, म्हणजे २६ जुलै २००५ च्या सांताक्रूझच्या ९४४ च्या जवळपासच. पण रेल्वेने आदल्या दिवशीच सांगून टाकलं की उद्या गाड्या बंद, त्यामुळे ऑफिसात कोणी अडकण्याचा प्रश्नच नव्हता. आमच्याकडच्या शाळा निवाऱ्यासाठी उघडल्या, लोक उशा-ब्लँकेटं घेऊन गेले. शेवटी आमच्याकडे पाणी आलं नाही. पण टोकियोशेजारच्या कावासाकीत मुसाशी-कोसुगीच्या एका टोलेजंग टॉवरमध्ये तळघरातली इलेक्ट्रिकची यंत्रणा बुडाली आणि वरच्या मजल्यावरचे लोकही लिफ्ट, पाण्याशिवाय बसले. पुण्या-मुंबईत मीटर रूम बेसमेंटमध्ये असलेल्या सोसायट्यांनी एवढं एक तरी बघून घ्या.

इथल्या शेजारच्या आजींनी शिकवलेली एक गोष्ट मात्र चिपळूण-सांगलीवाल्यांनी लिहूनच घ्या. कचऱ्याच्या दोन पिशव्या एकात एक घालायच्या, अर्ध्या पाण्याने भरायच्या, तोंड घट्ट बांधायचं आणि ते गाठोडं कमोडमध्ये नि बाथरूमच्या जाळीवर ठेवून द्यायचं. पूर आला की पाणी दारातून यायच्या आधी ड्रेनेजमधून उलटं वर येतं, ते या वजनाने दबतं. आणि पुराच्या पाण्यातून जायचीच वेळ आली तर गमबूट नको, त्यात पाणी भरलं की पाय उचलत नाही, लेस बांधायचे स्पोर्ट शूज घाला आणि हातात काठी घेऊन पुढची जमीन चाचपत जा. २०१७ ला मुंबईत एक नामांकित डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये गेले ते आठवतंय ना?

प्यायचं पाणी माणशी रोज ३ लिटर, निदान तीन दिवसांचं. खाण्याचं म्हणाल तर इथे गार पाणी घालून तासाभरात होणारा भात मिळतो, पण निवाऱ्यात शाकाहारी मिळेल याची खात्री नाही म्हणून आमच्या बॅगेत पातळ पोहे, मेतकूट, गूळ-दाणे असतात. ते बॅगेत वर्षभर सडवायचे नाहीत, अधूनमधून खाऊन नवे भरायचे.

पण हे सगळं सामान नंतरचं. खरी गोष्ट ही की निघायचं कधी हे इथे पाऊस नसताना ठरलेलं असतं. सरकारी इशाऱ्याच्या पाच पातळ्या आहेत, तिसरीला म्हातारी माणसं निघतात, चौथीच्या आत सगळे बाहेर, आणि पाचवीची वाट बघायची नाही कारण तोवर बहुतेक वेळ गेलेली असते. आमच्या कोल्हापुरात पंचगंगेचे आकडे कमी नाहीत, राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, पोराटोरांना पाठ. पण आकडा बघून करायचं काय, तर गच्चीवरून फोटो. २०१९ ला किती जण घरात थांबले, का तर २००५ ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं म्हणून! नदीला २००५ ची पायरी ठाऊक नसते हो.

म्हणून यंदा एप्रिलमध्येच व्हिडिओ कॉलवर बाबांशी बसलो. आमचं घर दुधाळीच्या अंगाला, आत्या उजळाईवाडीला, उंचावर. मी म्हटलं ३९ झालं की दोघं आत्याकडे, गाडी आधी हलवायची, कागदपत्रं प्लास्टिकच्या डब्यात. बाबा म्हणाले, "३९ ला गेलो तर आत्या हसंल, ४३ ला बघू." आई मागून ओरडली की ४३ ला रस्ता तरी राहतोय का. बराच वेळ घासाघीस झाली, शेवटी ४० वर तुटलं, आणि तो आकडा आईने फ्रिजवर मार्करने लिहून ठेवलाय.